माडाच्या बुंध्याशी राहिलेल्या पेशी

"ताई, मी गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातली, वय २३. गोवा विद्यापीठातून झूलॉजीत एमएस्सी केलं. बेंगळुरूच्या एका संस्थेत पीएचडीसाठी माझी निवड झालीय, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. तिथं उंदराच्या भ्रूणात मेंदूच्या पेशी कशा जन्मतात आणि आपापल्या जागी कशा पोचतात यावर काम चालतं. विषय मी मुद्दाम निवडला, तो माझ्या धाकट्या भावामुळे. तो १४ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी त्याला पहिली फीट आली. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात एमआरआय केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटात असतानाच काही पेशी जागेवर पोचल्या नाहीत, आतच राहिल्या. आई अजून म्हणते, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. फिल्म तिनं कपाटात साड्यांखाली ठेवलीय. भाऊ बघायला मागतो, ती देत नाही. बाबांचा खाणीवर ट्रक होता, खाणी बंद पडल्यापासून घर कसंबसं चालतं. आई म्हणते बीएड कर, हायर सेकंडरीत सरकारी नोकरी बघ, लग्नाचंही वय झालं. आजी म्हणते, 'गणपतीच्या वाहनाक मारून तूं कितें शिकतलें गो?' मी जाऊ का? आणि मी हे शिकले तर भाऊ बरा होईल का?"

बाय,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही. तू हे शिकलीस म्हणून तुझा भाऊ बरा होणार नाही. तुझ्या पीएचडीतून त्याच्या फीट थांबणार नाहीत आणि ज्या पेशी आत राहिल्या त्या आता वर चढणार नाहीत. हे वाक्य लिहायला मी दोन दिवस घेतले. पण मला वाटतं, तुझं सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच होतं, आणि तिचं उत्तर गोलमाल देणं हा तुझ्यावर अन्याय झाला असता.

असं गोलमाल उत्तर मी एकदा दिलं आहे. मी मूळची म्हार्दोळची. चेतापेशींच्या, म्हणजे मेंदूत संदेश नेणाऱ्या पेशींच्या, स्थलांतरावर काम करत अकरा वर्षं गोव्याबाहेर काढली, आता परत येऊन इथंच शिकवते. बाहेर असताना आमच्या प्रयोगशाळेत एकदा लोकांसाठी खुला दिवस होता. एक गृहस्थ मुलाला कडेवर घेऊन आले. मुलगा सहा-सात वर्षांचा, मान सावरत नव्हता. मी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या पेशी दाखवत होते. त्यांनी त्या नीट बघितल्या आणि विचारलं, "याचा आमच्या बाळाला उपयोग होईल?" मी म्हटलं, "होईल कधीतरी." ते हात जोडून गेले. ते "कधीतरी" मला आजही बोचतं. त्या बाळाच्या आयुष्यात ते येणार नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता कारण सांगते. यातलं बरंचसं तुला ठाऊक असेल, पण तुझ्या आईबाबांना हे पत्र वाचून दाखवशील म्हणून सोप्या शब्दांत लिहिते.

मेंदूची सुरुवात एका नळीपासून होते. गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत ती मिटते. मेंदूची बाहेरची साल, जिच्यामुळे आपण बोलतो, आठवतो, हिशेब करतो, ती मोठ्या माणसात दोन ते चार मिलिमीटर जाड असते. पण तिच्यातल्या बहुतेक पेशी त्या सालीत जन्मतच नाहीत. त्या जन्मतात खोल आत, नळीच्या आतल्या भिंतीला, जिथं पुढे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या होतात. तिथून त्यांना बाहेरपर्यंत चढून जावं लागतं. चढायला आधार असतो तो लांब, बारीक तंतूंचा. नारळ काढणारा पाडेली माडाला बिलगून वर सरकतो ना, अगदी तशी एकेक पेशी तंतूला धरून सरकते. पास्को राकिच यांनी माकडाच्या भ्रूणाचा मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे १९७२ साली दाखवलं. हे तंतू ज्या पेशींचे, त्याच पेशी विभागून नव्या चेतापेशींना जन्म देतात, हे कळायला मात्र २००१ साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्या माडावर पेशी चढते, तो माडच तिची आई. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते.

आणखी एक गंमत आहे. जी तुकडी आधी जन्मते ती खालच्या थरात थांबते. नंतर जन्मलेली तिला ओलांडून वर जाते, तिच्या नंतरची आणखी वर. १९६१ साली अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी हे उंदरात कसं सिद्ध केलं बघ. पेशी विभागायच्या आधी आपल्या डीएनएची नक्कल करते. त्या दिवशी शरीरात किरणोत्सारी खूण असलेलं डीएनएचं एक घटकद्रव्य सोडलं, तर त्याच दिवशी जन्मणाऱ्या पेशींना ती खूण कायमची चिकटते. नंतर मेंदूचे काप करून खुणेच्या पेशी कुठं आहेत ते बघायचं. पेशीची जन्मतारीख आणि पत्ता, दोन्ही मिळतात. आज किरणोत्साराऐवजी दुसरी रसायनं वापरतात, पण युक्ती तीच. तू पहिल्या वर्षी बहुधा हेच शिकशील.

या चढाईत कुणीही चुकू शकतं. 'रीलर' नावाचा उंदीर १९५१ पासून माहीत आहे. तो झोकांड्या खात चालतो, कारण तोल सांभाळणारा त्याचा लहान मेंदू नीट घडलेला नसतो, आणि मेंदूच्या सालीत तर थरांचा क्रमच जवळजवळ उलटा असतो. त्यामागचं जनुक सापडायला १९९५ साल आलं. मधली ४४ वर्षं आहेत ती. आणि तुझ्या भावाच्या बाबतीत काही पेशी माडाच्या बुंध्याशीच राहिल्या. त्या मेलेल्या नाहीत. जिथं राहिल्या तिथं जिवंत आहेत, शेजाऱ्यांशी जोडण्या करून बसल्या आहेत, आणि त्यातूनच कधी विजेचं वादळ उठतं, त्याला आपण फीट म्हणतो. चढायची वेळ गर्भातच संपली. ज्या तंतूंवरून चढायचं त्यांचंही काम संपल्यावर रूप बदलतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत ते माड आता उभे नाहीत. म्हणून मी नाही म्हटलं.

फीट आटोक्यात ठेवणं ही वेगळी गोष्ट. ते औषधांनी अनेकांना जमतं आणि ते काम त्याच्या न्यूरॉलॉजिस्टचं आहे, तुझ्या प्रबंधाचं नाही.

मग जायचं कशाला? हा प्रश्न मी तुला उलटा विचारते. समज, उद्या कुणी सांगितलं की तुझ्या भावाच्या आजाराशी या पेशींचा काही संबंध नाही, निदान चुकलं होतं. तरी तुला त्या पेशी बघाव्याशा वाटतील का? उत्तर हो असेल तर जा. नाही असेल तर जाऊ नकोस, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कारण भावासाठी गेलीस तर प्रत्येक फसलेला प्रयोग तुला त्याच्याशी केलेली बेइमानी वाटेल, आणि प्रयोग फसतातच. पहिली दोन वर्षं मी एका प्रथिनाच्या मागे घालवली. काप रंगवायची, पेशी मोजायची, आलेख काढायची. शेवटी कळलं की ज्या अँटिबॉडीनं मी ते प्रथिन रंगवत होते ती भलत्यालाच चिकटत होती. दोन वर्षांचं काम एका दुपारी गेलं. मी टिकले ते पुढच्या आठवड्यात पुन्हा भ्रूण बघायची इच्छा झाली म्हणून. घरी आजारी भाऊ असता आणि त्याच्या नावानं मी ते करत असते, तर मोडून पडले असते.

या विषयातली तुझ्या-माझ्या मातीशी नातं सांगणारी एक बाई आठवते, वेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याहून आफ्रिकेत गेलेले, तिचा जन्म १९५३ साली नैरोबीतला. शिक्षण कंपाला आणि डब्लिनला. जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी यांचं काम वाचून ती मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आली, आणि तिनं धरली काय, तर फळमाशी. काजूच्या दिवसांत बोंडूंच्या ढिगावर चिलटं घोंगावतात ना, त्यातली. त्या माशीला वास कसा येतो? ज्यांना वास येत नाही अशा माश्या तिनं शोधल्या. पुढे माशीच्या शृंगिकेवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवर, वास घेणाऱ्या चेतापेशी मुळात घडतात कशा, कुठली पेशी काय व्हायचं ते कशानं ठरतं, यावर तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे ती बेंगळुरूला गेली आणि २०१० साली कर्करोगानं गेली. माशीच्या नाकानं कुणाचा आजार बरा होणार, असं तिला कुणी विचारलं असेल की नाही, माहीत नाही. पण आज या देशात मेंदूच्या घडणीवर काम करणाऱ्यांत तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत.

तुझ्या विषयाच्या आणखी जवळ डॉ. शुभा टोळे आहेत, त्याच मुंबईच्या संस्थेत. २००८ साली त्यांच्या गटानं दाखवलं की 'एलएचएक्स-टू' नावाचं एक जनुक सुरुवातीच्या पेशीला 'तू मेंदूची साल हो' असं सांगतं. ते नसलेल्या पेशी भलतीच ओळख घेतात आणि शेजारच्या पेशींनाही स्मृतीचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस बनायला लावतात. एका मेंदूत जास्तीचे हिप्पोकॅम्पस. त्यांना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार. पुरस्कार मी सांगते ते तुझ्या बाबांसाठी. घरच्यांना एक उदाहरण हाताशी लागतं.

पैशांचं स्पष्ट बोलू, कारण तुझ्या भागात खाणीचं २०१२ साली काय झालं आणि २०१८ साली पुन्हा काय झालं ते मी पाहिलंय. दारात उभे राहून गंजलेले ट्रक पाहिलेत. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी सरकारी फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. होस्टेल मिळालं आणि जपून राहिलीस तर घरी दहा-बारा हजार पाठवता येतील. पण फेलोशिप कधी कधी दोन-तीन महिने अडकते, मग एकदम येते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत घरी काहीच पाठवायचं कबूल करू नकोस, आधी तीन महिन्यांची शिल्लक कर. पीएचडी पाच वर्षं म्हणतात, सहा धर. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तात्पुरतं संशोधन, बहुतेकांचं परदेशात, तीन-चार वर्षं. स्वतःची प्रयोगशाळा मिळालीच तर पस्तिशीच्या आसपास, आणि सगळ्यांना मिळत नाही. माझ्यासोबतच्या निम्म्यांहून जास्त जणी आज दुसरं काही करतात. कुणी औषध कंपनीत आहे, कुणी विज्ञानाच्या पुस्तकांचं संपादन करते, दोघी कॉलेजात शिकवतात. रडत बसलेली त्यात कुणी नाही.

आईच्या सरकारी नोकरीच्या आग्रहाला हसू नकोस. गोव्यात ट्रक बंद पडलेल्या घरात पहिल्या तारखेला येणारा पगार म्हणजे काय, हे तिला तुझ्या-माझ्याहून जास्त कळतं. तिला एवढंच सांग की पीएचडीनं शिकवण्याची दारं मिटत नाहीत, कॉलेजची तर उघडतातच. आणि फेलोशिप असेपर्यंत घरून काही न मागता शिकायला मिळणार आहे. लग्नाचं म्हणशील तर ज्याला रात्री दोन वाजता प्रयोगशाळेतून आलेली बायको खपते असा मुलगा भेटला की कर, नाही भेटला तर थांब. त्यावर माझ्याकडे याहून जास्त शहाणपण नाही.

रात्री दोन वाजता हे मी सहज नाही लिहिलं. उंदराची गर्भावस्था १९-२० दिवसांची. सालीतल्या पेशी जन्मतात त्यातल्या अकराव्या ते सतराव्या दिवसाच्या दरम्यान. तुला चौदाव्या दिवसाचं भ्रूण हवं असेल तर तो दिवस शनिवार आहे की चतुर्थी, हे उंदरीण बघत नाही. उणे वीस अंशांच्या यंत्रात हात घालून केसाहून पातळ काप करायचे, ब्रशच्या टोकानं काचेवर घ्यायचे, मग अंधाऱ्या खोलीत तासन् तास मोजणी. मी सलग चार चतुर्थ्या घरी आले नाही. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधायला माझे हात नव्हते याचं वडिलांना फार वाईट वाटायचं. चौथ्या वर्षी ते आजारी पडले, मी सात आठवडे घरी राहिले. परतले तेव्हा माझा प्रयोग, माझ्या उंदरांसकट, दुसऱ्याच्या नावावर झाला होता. मला विचारलंही नव्हतं.

म्हणून ऑगस्टच्या आधी एक काम कर. त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठ, आत असलेल्यांना नव्हे. विचार की कुणाच्या घरी आजारपण आलं तेव्हा काय झालं. सरांनी किंवा मॅडमनी रजा दिली का हे विचारू नकोस, रजेवरून परत आल्यावर टेबल कुणाचं होतं ते विचार. आणि गाइडना पहिल्याच भेटीत भावाबद्दल सांग. तुला अधूनमधून साखळीला धावावं लागणार आहे. ते ऐकून ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्याकडे जाऊ नकोस, मग संस्था कितीही मोठी असो.

आजीचा प्रश्न मात्र मला सगळ्यात जड वाटला. तिला गोड बोलून फसवू नकोस. उंदीर मारावे लागतात, तेही गाभण. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची परवानगी लागते, किती उंदीर आणि कशासाठी ते लिहून द्यावं लागतं, भूल द्यावी लागते. हे सगळं खरं आणि आवश्यक आहे, पण शेवटी हात तुझाच असतो. माझा पहिल्यांदा थरथरला होता. चतुर्थीला मूर्तीपुढचा मातीचा उंदीर दिसला की अजूनही मी त्याला आधी नमस्कार करते. तुझ्याच्यानं हे होणार नसेल तर तेही गाइडना आत्ताच सांग. माशी आहे, झेब्रा मासा आहे. आणि २०१३ पासून आणखी एक वाट निघाली आहे. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना पुन्हा मूळपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, बनवायचं (यासाठी जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं) आणि त्यांच्यापासून बशीत मेंदूच्या सालीचा मटारएवढा गोळा वाढवायचा. तुझ्या भावासारख्या रुग्णांच्या पेशींपासूनही असे गोळे वाढवून बघितले गेले आहेत. त्या गोळ्याला रक्तवाहिन्या नाहीत, शरीर नाही, म्हणून सगळे प्रश्न त्यावर सुटत नाहीत. पण पेशी बुंध्याशी का थांबली हे त्यात बघता येतं. आजीला हे सांगितलंस तर तिला पटेल असं नाही, पण तिचा प्रश्न तू कानाआड केला नाहीस, एवढं तिला दिसेल.

भावासाठी करायचं ते बेंगळुरूला जायच्या आधी करण्यासारखं आहे. औषधाचा एकही डोस चुकू नये म्हणून त्याच्याच फोनवर गजर लावून दे, आईच्या नाही. साखळीच्या वाळवंटी नदीवर एकट्यानं पोहायला जाऊ नये, झाडावर चढू नये, एवढं पाळलं की बाकी त्याला क्रिकेटही खेळू द्या. फीट आली तर कांदा, चप्पल नाकाशी धरू नये, तोंडात चमचा कोंबू नये, हातपाय दाबू नयेत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ लावायचा. हे शेजाऱ्यांना आणि त्याच्या वर्गशिक्षकांना तू स्वतः जाऊन सांग.

आणि आईशी बोल. गेली तीन वर्षं ती रोज रात्री स्वतःला दोष देत झोपते आहे. तिला सांग की ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. तिनं काय खाल्लं, काय उचललं, कुठं वाकली, कशाचाही नाही. अशा पेशी अडकण्यामागे अनेकदा एखाद्या जनुकातला बारीक बदल असतो, तो कुणी ठरवून केलेला नसतो. एमएस्सी झालेल्या मुलीनं समोर बसून, माडाचं चित्र काढून हे सांगितलं तर ती ऐकेल. एकदा सांगून ऐकणार नाही. रोज सांग, जायच्या दिवसापर्यंत.

ती ऐकू लागली की साड्यांखालची फिल्म काढायला तिलाच सांग. तू काढू नकोस. सकाळी खिडकीच्या काचेला लावून भावाला दाखव. मधली पोकळी तुला सापडेल. तिच्या कडेला, सालीच्याच राखाडी छटेचे छोटे गोळे असतील, त्यावर त्याचं बोट ठेवू दे. तो काहीतरी विचारेल. त्यानं काय विचारलं ते मला लिहून पाठव.